दुसरी कमान

९ सप्टेंबर १९७७

चकती फुटली नाही! आतापर्यंत भट्टीतून निघालेली प्रत्येक चकती एक तर तडकलेली, नाही तर पापडासारखी वाकलेली. आजची काळीभोर, सपाट, रुपयाएवढी. टिचकी मारली तर खणकन वाजली. कुंडलिक, आमच्या लॅबचा शिपाई, वाकून बघत म्हणाला, "बाई, आजची भाकरी जमली की!" नाचावंसं वाटलं. नाचले नाही, कारण आत वेणीमाधव सर, माझे मार्गदर्शक, बसले होते आणि त्यांच्यासमोर माझी वाचासुद्धा बसते.

आज अजून दोन निघतील. दोन्ही बाजूंना चांदीचा लेप द्यायचा, तारा लावायच्या आणि आतून करंट कसा जातो ते मोजायचं. बघणाऱ्याला चकती एकसंध दिसते, पण ती असते बारीक बारीक कणांची, एकमेकांना चिकटून बसलेल्या. कणाच्या आत करंट सुखानं चालतो. एका कणातून दुसऱ्यात शिरताना मात्र मधल्या सीमेवर अडतो, घरात मोकळा वावरणारा माणूस उंबऱ्याशी ठेचकाळावा तसा. कणात किती आणि सीमेवर किती, हे वेगवेगळं सांगायचं, एवढंच माझं काम. एवढंच म्हणे!

शाळेची रजा डिसेंबरअखेर संपते. तोवर सरांनी अहवालावर सही केली तर विद्यापीठात नोंदणी होईल आणि रजा वाढेल. नाही तर परत बार्शी, आठवी बला शिकवणं, आणि अण्णांनी हेरून ठेवलेली स्थळं.

१६ सप्टेंबर

दोन कमानी आल्या!! दोन!

ब्रिजवर, म्हणजे आमच्या मोजणीच्या यंत्रावर, दर फ्रिक्वेन्सीला दोन आकडे मिळतात, ते आलेखाच्या कागदावर ठिपक्यांनी टाकत गेलं की कमान होते. सकाळी वरच्या फ्रिक्वेन्सीचे ठिपके टाकले, छोटी कमान झाली. वाटलं संपलं. खालच्या फ्रिक्वेन्सीला गेले तर ठिपके पुन्हा वर चढायला लागले आणि शेजारी दुसरी, चांगली ढेरपोटी कमान. एक कणांची, एक सीमांची.

सरांपुढं कागद ठेवला. ते खिडकीकडं तोंड करून बसले होते. कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "वाचून दाखव." मी ठिपका न् ठिपका वाचला. सगळं ऐकून काय विचारावं? "कुठली कमान कणांची आणि कुठली सीमांची?"

मी म्हटलं, "छोटी कणांची, सर. पुस्तकात तसंच..."

"पुस्तकातली चकती वेगळी. तुझ्या कमानीवर पाटी लावलीय का?"

लावलीय पाटी! एवढा जीव काढला त्याचं हे कौतुक. घरी येईपर्यंत रागानं कान तापले होते. आता राग गेलाय आणि प्रश्न मात्र डोक्यात बसलाय. खरंच, कशावरून?

२१ सप्टेंबर

ब्रिज जुळवायला सर स्वतः बसतात. हेडफोन कानाला लावायचा, आत गुणगुण ऐकू येते, मग खुंट्या फिरवत जायचं. गुणगुण बारीक होत होत पार थांबली की ब्रिज जुळला. मला लागतो तेवढ्या वेळात त्यांचं दोनदा जुळतं. डोळे मिटून बसतात, गवई तंबोरा लावतो तसे. जुळलं की म्हणतात, "घे, वाच." डायल वाचायची ती मी, लिहायची ती मी. जिथं आवाज कानाच्या पल्याड जातो तिथं ऑसिलोस्कोपचा पडदा बघावा लागतो, तर "पडद्याचं तू बघ." म्हणजे मजा त्यांची आणि कारकुनी माझी!

मुलं त्यांच्या लेक्चरवर मात्र जीव टाकतात. हातात टिपण नाही, फळ्याला पाठ करून तास तास बोलतात म्हणे.

२ ऑक्टोबर

सिद्धेश्वराच्या तळ्यावर फिरायला गेले होते. समोरून सर आणि दुर्गाकाकू, त्यांच्या मिसेस, हातात हात घालून येत होते. या वयात! मला भारी कौतुक वाटलं. मी थांबून नमस्कार केला. सर सरळ निघून गेले. काकूंनी मागं वळून काही तरी बोलल्यासारखं केलं, पण तोवर मीच तोंड फिरवलं होतं. बार्शीच्या मास्तरणीशी रस्त्यात बोलायला कमीपणा येत असेल, दुसरं काय.

११ ऑक्टोबर

आज कहर झाला. तिन्ही चकत्यांचे आलेख शाईनं स्वच्छ काढून नेले. सरांनी कागद हातात घेतला, जरा लांब धरला आणि म्हणाले, "छान. रेषा नीट आल्यात."

कागद उलटा होता! कमानी कशा, दोन वाडगे दिसत होते! आणि हे "छान"!

मी सुलटा करायलासुद्धा हात पुढं केला नाही. खोलीवर आल्यावर घरमालकीण गंगम्मा पदराला हात पुसत बाहेर आली. तिच्या घरी चादरीचे माग आहेत, खटखटाटात तिला माझं रडणं कसं ऐकू आलं देव जाणे. "काय झाला गं? कोण बोलला तुला?" मी म्हटलं, कुणी काही बोललं नाही, तेच तर दुखणं आहे. तिनं गरम भाकरी आणि शेंगाचटणी पुढं ठेवली. तिखटानं डोळ्यांतून पाणी आलं, त्यात बाकीचंही वाहून गेलं.

ज्या माणसाला माझं काम बघावंसंच वाटत नाही, तो सही कशी करणार?

खंडेनवमी

गावात सगळ्या मागांना झेंडूच्या माळा. आमच्या लॅबमध्येही पूजा. कुंडलिकनं पहाटे येऊन भट्टी, ब्रिज, ऑसिलेटर सगळं पुसून मांडलं आणि हळदकुंकू लावलं. भट्टीपुढं नारळ फोडला. मी पोचले तर तबकात चिमटा, खल, साचा आणि माझ्या तिन्ही चकत्या! त्यांच्यावर ओल्या कुंकवाची बोटं.

"अहो कुंडलिक, हे काय केलंत?"

"बाई, ह्येच तर तुमचं हत्यार की! हत्याराची पूजा न्हाय करायची तर कुनाची करायची?"

ओल्या फडक्यानं पुसून घेतल्या, पुन्हा लख्ख झाल्या. सर पूजेला आले होते. तबकावर हात टेकून उभे राहिले आणि मग तळहातभर कुंकू घेऊनच सबंध कॉलेजात फिरले. प्राध्यापकांचा विसराळूपणा! कुंडलिक बादली घेऊन त्यांच्या मागं मागं, भिंतीवरचे लाल पंजे पुसत.

२५ ऑक्टोबर

दसऱ्याची सुट्टी संपली. पुन्हा मोजमाप घेतलं.

दुसरी कमान बसली. चांगली ढेरपोटी होती ती आता निम्म्यानं ठेंगणी. तिन्ही चकत्यांत तेच. म्हणजे सप्टेंबरात मोजलं ते खोटं होतं, की आजचं खोटं?

२९ ऑक्टोबर

ब्रिज तपासला. तारा बदलल्या. चांदीचा लेप खरवडून नवा दिला. आजूबाजूचे माग सुरू झाले की विजेचा दाब पडतो, म्हणून माग जेवणाला थांबतात तेव्हा मोजून बघितलं. ठेंगणी ती ठेंगणीच.

शेवटी सरांना सांगितलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तर सर खुर्चीत एकदम ताठ.

"आणि पहिली? छोटी कमान?"

"ती आहे तशीच, सर."

"तशीच म्हणजे? जराही हलली नाही?"

"नाही."

"चकतीच्या कडेवर काही ओलंबिलं बसलं असेल, करंट बाहेरूनच पळत असेल. कड घासून काढ. पुन्हा मोज. पहिली हलते का, तेवढंच सांग मला." आणि हसले. माझं वर्ष वाया चाललंय आणि ह्यांना हसू येतंय!

कड घासली. मोजलं. पहिली हलली नाही, दुसरी ठेंगणीच राहिली. ह्यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळलेलं नाही. कळलं पाहिजे, हे मात्र खरं.

४ नोव्हेंबर

कळलं!!

लिहिताना धाप लागतेय, पण क्रमानं लिहिते. गंगम्माच्या देवळीतला कुंकवाचा करंडा मांजरानं पाडला, नेमका फरशीवर सांडलेल्या पाण्यात. सगळीकडं लाल. "अय्यो, अय्यो" करत ती पुसायला बसली, मीही फडकं घेऊन बसले. शहाबादी फरशी लगेच स्वच्छ झाली. पण दोन फरश्यांच्या मधल्या सांध्यांत कुंकू शिरलं ते शिरलंच. घासलं, निघेना. सगळ्या खोलीत काळ्या फरश्या आणि त्यांच्याभोवती लाल रेघा.

मी फडकं हातात धरून तशीच बसले. गंगम्मा म्हणाली, "भूत बघितल्यासारखं काय बघतेस?"

खंडेनवमी! मी चकत्या वरून पुसल्या. पण कुंकवात हळद असते, चुना असतो, क्षार असतात. ओलं कुंकू चकतीच्या भोकाभोकांतून आत गेलं असणार आणि कणाकणांच्या मधल्या सांध्यांत बसलं असणार. कणाच्या पोटात ते जाईलच कसं? फरशीच्या दगडात गेलं का? नाही. म्हणून पहिली कमान हलली नाही. उंबऱ्यावर मात्र कुणी तरी फळी टाकली, करंट सोपा झाला, दुसरी कमान बसली.

म्हणजे दुसरी कमान सीमांची. पहिली कणांची. पाटी लागली! आणि ती लावली कोणी, तर कुंडलिकनं! मी गंगम्माला मिठीच मारली. तिच्या पातळाला सगळं कुंकू लागलं आणि तिनं मला तेलुगूत मनसोक्त शिव्या घातल्या.

७ नोव्हेंबर

वाटणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. म्हणून एक चकती ऊर्ध्वपातित पाण्यात उकळून उकळून धुतली, ओव्हनमध्ये खडखडीत वाळवली. मोजली. दुसरी कमान परत उभी राहिली, जवळजवळ पहिल्याइतकी! आता तिलाच पुन्हा कुंकू लावून बघायचं. कुंडलिकला म्हटलं, "जरा हळदकुंकू लावा हिला."

तो हादरलाच. "बाई, खंडेनवमी वर्सातनं एकदाच आसती. आन् तवा लावलं तर तुमीच पुसून टाकलं!"

"तेव्हा माझी अक्कल गहाण पडली होती. आता लावा."

त्यानं काय समजायचं ते समजून, हात जोडून, पुटपुटत लावलं. पुसलं, वाळवलं, मोजलं. कमान बसली. पहिली जागची हलली नाही. कुंडलिक म्हणाला, "देवाचं हाय म्हनल्यावर गुन येनारच की." मी आकडे वहीत उतरवून घेतले.

उद्या सरांना नवे आलेख दाखवणार. उजेड चांगला पडावा म्हणून जाताना मोठं टेबल खिडकीपाशी ओढून ठेवलं. उद्या तरी बघतील.

८ नोव्हेंबर

हात लिहायला धजत नाही.

सर नेहमीसारखे आले. दारातून डावीकडं वळले, झपझप, रोजच्या वाटेनं. आणि सरळ टेबलाच्या कोपऱ्यावर गेले. चष्मा फुटला, कपाळातून रक्त. मी किंचाळले. ते जमिनीवर बसून हातानं चाचपडत होते. चष्मा त्यांच्या गुडघ्यापाशी पडला होता आणि ते भलतीकडंच शोधत होते.

कुंडलिकनं त्यांना धरून आतल्या खोलीत नेलं. बाहेर आला तो माझ्यावर उसळलाच. "टेबल कुनी हालवलं? तुमी? आवो, सायबास्नी दिसत न्हाय, ठावं न्हाय व्हय तुमास्नी? उजेड हाय का अंधार, येवडंच कळतंया. मिरजंला दाखवलं, विलाज न्हाय म्हनले. म्या रोज सकाळी हितली खुर्ची हितंच ठिवतो, कप तितंच ठिवतो, आन् तुमी..." आणि हा एवढा बाप्या गडी टेबलाला धरून रडायला लागला.

वाचून दाखव. घे, वाच. पडद्याचं तू बघ. फळ्याला पाठ. तळ्यावर काकूंच्या हातात हात. उलटा कागद. तळहातभर कुंकू. सगळं माझ्यासमोर होतं आणि मला काय दिसलं, तर शिष्ट म्हातारा! डोळे माझे धड आहेत. काय उपयोग?

९ नोव्हेंबर

दवाखान्यात चार टाके पडले. सरांनी सगळ्यांना सांगितलं, पाय घसरला. दुर्गाकाकूंनी मला बाजूला घेतलं. "कॉलेजात कळलं तर त्यांना लगेच घरी बसवतील. तू बोलू नकोस हं." मी मान हलवली आणि मग लक्षात आलं, ते आज घरी बसले तर माझ्या अहवालावर सही कोण करणार? हा विचार मनात आला याची लाज वाटली. पण आला, हे खरं.

दिवाळीचा पाडवा

बार्शीला गेले नाही. अण्णांना कळवलं, काम आहे. काम काय, खोलीत बसून आलेखांकडं बघत होते. सरांना आकडे वाचून दाखवले तर ते मानतील, माझ्या शब्दावर मानतील. पण मला ते नको होतं. मला त्यांना कमान दाखवायची होती.

बाहेर गंगम्मा दारात बसून शेजारणीशी गप्पा मारत होती. मांडीवर विणलेली चादर, आणि बोलता बोलता अंगठा चादरीवरून फिरत होता. नजर शेजारणीवर. मध्येच अंगठा थांबला, चुटकन तुटका धागा ओढून काढला आणि गप्पा पुढं चालू.

मी उठलेच. "गंगम्मा, मला सूत दे. आणि खळ."

"दिवाळीत माग लावणार हायस काय गं?"

चादरीचं जाड सूत तिनं दिलं, शेजारणीनं साडीच्या काठाचं रेशीम दिलं. मोठ्या पुठ्ठ्यावर आलेख पाचपट करून काढला. कुंकवाआधीच्या कमानी सुतानं चिकटवल्या, कुंकवानंतरच्या रेशमानं. पहिल्या कमानीवर रेशीम सुताला अगदी लागून बसलं. चिकटवताना मलाच नवल वाटलं, इतकं ते जुळत होतं.

१९ नोव्हेंबर

सर कामावर आले. मोठं टेबल जुन्या जागी. मी पुठ्ठा त्यांच्यापुढं ठेवला, त्यांचा हात धरला आणि डावीकडच्या कोपऱ्यावर ठेवला. आयुष्यात कधी सरांचा हात धरला नव्हता.

त्यांनी कोपरा चाचपला. "कधीपासून ठाऊक आहे?"

"तुम्ही पडलात तेव्हापासून, सर. त्याआधी कळायला पाहिजे होतं. माझं चुकलं."

"आमचं गुपित चांगलं होतं म्हणायचं." मग त्यांचं बोट निघालं. सावकाश वर चढलं, वळलं, खाली आलं. "ही पहिली. हे जाड काय, सूत? आधीचं? आणि हे मऊ नंतरचं. एकावर एक आहेत." बोट परत मागं नेलं, पुन्हा आणलं. "हलली नाही. नाहीच हलली."

मग दुसरी. सुताची मोठी कमान संपवून बोट परत आलं आणि रेशमावरून गेलं. मध्येच खाली उतरलं. परत गेलं. परत उतरलं. तीन-चारदा. त्यांचे ओठ हलत होते. मी सगळं सांगितलं, फरशी, करंडा, उकळलेलं पाणी, कुंडलिकची दुसरी पूजा. ते हसता हसता कपाळावरच्या पट्टीला हात लावत होते.

"मालती," शेवटी म्हणाले, "दिसली गं."

मी तोंड फिरवलं. मग आठवलं की तोंड फिरवायची गरज नाही, आणि आणखीच रडू आलं.

सर म्हणाले, "जानेवारीत प्राचार्यांना सांगणार आहे सगळं. मे महिन्यातच सांगायचं होतं. पण तुझं काम सुरू झालं होतं. नोंदणी झालेल्या मुलीला दुसरा मार्गदर्शक मिळतो, नोंदणी नसली तर कोणी दारातही उभं करत नाही. म्हणून थांबलो."

"मला वाटायचं, तुम्हाला माझं काम बघायचंच नसतं."

"बघता येत नव्हतं, म्हणून तर पाटी मागत होतो. जे मला दिसत नाही, त्यावर सही करायची तर खात्री नको?"

कुंडलिकनं चहा आणून नेमक्या जागी ठेवला. मी अहवाल पुढं ठेवला, पेन दिलं आणि त्यांचं बोट सहीच्या जागेवर टेकवलं. त्यांनी झोकात सही केली. पण बोट उचलल्यावर हात सरकला आणि सही वर वर चढत गेली, थेट माझ्या टाइप केलेल्या नावावरून.

"बरोबर जागी झाली?" सरांनी विचारलं.

"हो सर, बरोबर जागी."

ते पान पुन्हा टाइप करून आणायला वेळ होता. नाही आणलं. तसंच विद्यापीठाच्या पाकिटात घातलं आणि पोस्टात टाकून आले.